किरकोळ

बाबा गावात सांगतात, पोरगी इंजिनिअरिंगला आहे, जालन्यात.
खोटं नाही. पत्ता तोच आहे.
गेट तेच, हेल्मेटसक्तीची पाटी तीच,
फक्त पाण्याच्या प्रयोगशाळेमागून वळायचं,
जनरेटरच्या खोलीला वळसा घालून,
जिथं दारावर रंगानं लिहिलंय: सामाजिक शास्त्रे.
खालच्या जुन्या रंगातून अजून दिसतं: भांडार.

आम्ही सहा जण. खुर्च्या आठ,
त्यातल्या दोन मेकॅनिकलच्या, पाठीवर नंबर टाकलेल्या,
कधीही कुणी परत न्यायला येईल अशा.
भिंतीपलीकडे पंप सुरू झाला की
तहसीन मॅडम वाक्य अर्ध्यात थांबवतात,
खडू बोटांत धरून उभ्या राहतात,
आणि पंप बंद झाला की
पुढच्याच शब्दापासून बोलायला लागतात.
‘जात’ आणि ‘व्यवस्था’ यांच्या मधोमध
एकदा अकरा मिनिटं गेली.

मेसमध्ये विचारतात, तुमच्यात प्रॅक्टिकल असतं का गं?
असतं.
दुपारी दोनला, कुंडलिका ओलांडून,
सळयांच्या कारखान्यांमागच्या वस्तीत.
चौतीस घरं, घरटी बेचाळीस प्रश्न.

कुशावर्ताबाई भंगारातली वायर सोलत होत्या,
गवारीची शीर काढावी तशी,
तांबं एकीकडं, काळं प्लास्टिक एकीकडं.
प्रश्न चौदा: घरात निर्णय कोण घेतं?
त्यांनी मान वर केली.
“कशाचा?”
मी यादी वाचली. लग्न, शिक्षण, मोठी खरेदी.
“मोठी खरेदी!” म्हणत त्या शेजारणीकडं बघून
इतक्या हसल्या की तार हातातून सुटली.
मग एकदम गप्प.
“कशाचा घ्यायचा ते सांग की आधी, बाई.
कोण घेतं ते मग बघू.”

एक पुरुष, दोन स्त्री, तीन दोघं मिळून,
नऊ म्हणजे उत्तर नाही.
कॉम्प्युटरला एवढंच कळतं.
मी नऊ टाकला. खोडला. परत टाकला.
उत्तर नाही असं कसं लिहू,
मी ते ऐकलं होतं, हसण्यासकट.

मुंजाजी पाथरीचा, सिव्हिल, तिसरं वर्ष.
टपरीवर त्याला सगळं सांगितलं.
बशीत सांडलेल्या चहात रेघ ओढत तो म्हणाला,
“आमच्याकडं बी असतंय की असं.
पाइपाला वाक आला, सांधा आला, तोटी आली
की पाणी थोडा थोडा जोर सोडतंय.
मायनर लॉस म्हणतेत त्याला.
लांब पाइपात धरीतच नाहीत.”
आणि आखूड पाइपात?
“आखूड असला की तेच जास्ती भरतंय,”
एवढं बोलून तो पैसे द्यायला उठला.

चौतीस घरं.
आणि त्या प्रत्येक दाराला किती वाक.

रात्री होस्टेलवर कोडच्या यादीखाली
पेनानं एक ओळ वाढवली.
दहा: कशाचा?
टाकून बघितलं.
रकाना एकाच अंकाचा आहे,
दहातला पहिला तेवढा घेतो, शून्य गळून जातं.
उरतो एक.
एक म्हणजे पुरुष.

सकाळी कागद घेऊन मॅडमकडं गेले.
त्यांनी चष्मा लावला, ओळ वाचली, परत वाचली,
म्हणाल्या, “हा रकाना आपण”
आणि पंप सुरू झाला.