शेरा

एकतीस वर्षं मी वही लिहितो,
ग्वाल्हेरात, लष्करात, दौलतगंजच्या वळणावर.
बंदुकांची वही.

किंमत कशी ठरते, मला विचारू नका.
नवा होतो तेव्हा वाटायचं, नीट उडते ती महाग.
आता जिची गोळीसुद्धा कुठे मिळत नाही
तिला लोक नऊ लाख देतात,
आणि रिकाम्या पेटीला, आतली मखमल शाबूत असेल तर,
वर ऐंशी हजार.
बाहेरून येणं बंद झालं, मालक सांगतात,
आहेत तेवढ्याच आहेत.
माझे दातही आहेत तेवढेच आहेत,
पण तो भाव वेगळा.

गेल्या थंडीत इंदुमतीबाई मुळीक आल्या,
चिटणीसांच्या गोठीतून.
यजमान वारले, लायसन्स त्यांच्याबरोबर संपलं,
मुलगा नाशकात, म्हणतो मला ते घरात नको,
ठाण्याची नोटीस दोनदा आलेली.
सोबत हवालदार, तो बाहेर बाकावर गजक खात बसला.
बाईंनी भाजीच्या पिशवीतून
नारळ काढावा तसं रिव्हॉल्व्हर काढलं.

जयपूरचे गृहस्थ दुकानात होतेच.
पांढरे हातमोजे, डोळ्याला भिंग.
चक्री फिरवली, कानाशी धरली,
घड्याळ दुरुस्त करणाऱ्यासारखी.
मग नळीच्या वरच्या पट्टीवर थांबले.
"मार्का कहाँ गया?"

नंबर जेमतेम, तोही भिंगातून. मार्का नव्हता.
होती एक गुळगुळीत जागा,
देवघरातल्या बाळकृष्णाच्या नाकासारखी.

बाई म्हणाल्या, मी घासलंय.
दर खंडेनवमीला, चिंच आणि रांगोळी,
सासूबाईंनी दाखवलं तसं.
मग हळद, कुंकू, नळीत झेंडूचं फूल.
किती वर्षं?
लग्न झाल्यापासून. एक्केचाळीस.

मार्का असता तर नऊ लाख.
आता एक साठ.
मी सवयीनं वहीच्या कडेला भागाकार केला.
सात लाख चाळीस हजार, भागिले एक्केचाळीस.
एका नवमीला अठरा हजार अठ्ठेचाळीस,
वर काही पैसे.
एवढी महाग पूजा राजवाड्यातही होत नसेल, मी म्हणालो.
म्हणायला नको होतं.

बाई हसल्या नाहीत.
हिच्यातून एकदाच गोळी सुटली, म्हणाल्या.
गच्चीवर माकडं आली होती, यांनी आभाळात झाडली.
माकड जागचं हललं नाही.
शेजारच्या पाध्यांचं दूध मात्र नासलं, असं पाधीणबाई अजून सांगतात.
मग हिचे नऊ लाख कशाचे?

जयपूरवाले समजावू लागले.
जिला हात लागला नाही ती मोलाची.
तेलात, अंधारात पडून राहिलेली,
कुणी चालवली नाही, कुणी पुजली नाही.
खरं असेल.
आमच्या तिजोरीत तशी एक आहे,
मार्का ठळक, निळी झाक जशीच्या तशी.
तिला बोट लावायचं नाही असा मालकांचा हुकूम,
म्हणून नवमीला मी तिजोरीच्या दारालाच कुंकू लावतो
आणि पोऱ्या ते दुसऱ्या दिवशी पुसतो.
ती कुणाची होती, मला वहीत बघावं लागतं.

बोलता बोलता त्यांनी टाचणीनं
मुठीच्या स्क्रूमधलं काहीतरी उकरलं.
पिवळं.
कागदावर झटकलं.

एक साठ घेतले बाईंनी. दोनदा मोजले.
सही केली, सावकाश, पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट.
गुंडाळायचं फडकं मागून घेतलं, घडी घातली.
हवालदारानं पँटला हात पुसले.

शेऱ्याच्या रकान्यात 'मार्का झिजलेला' असं लिहिलं.
कशानं, तेही भरावं लागतं.
तीन शब्द छापलेले असतात:
गंज, वापर, छेडछाड.
एकावर खूण करायची.
पेनाचं टोपण काढून बराच वेळ बसलो.
चहा आला, गार झाला.
मालक म्हणाले, वापर करा हो, किती विचार करता.
केली खूण.