तीन टक्के मीठ

एवाल्ड अजूनही पहाटे पाचला उठतो.
खाण बंद होऊन एकोणीस वर्षं झाली
पण पहिल्या पाळीचा भोंगा
त्याच्या बरगड्यांत वाजतोच.

आधी निळा पंप, दोनदा.
मग दहा मिनिटं थांबायचं,
तेवढ्यात मी बटाटे सोलते.
मग प्लास्टिकची कुपी मोडायची,
तीन टक्के मिठाचं पाणी कपात ओतायचं,
आणि बटण.
स्टुलावरचं ते बुटाच्या खोक्याएवढं यंत्र
थरथरायला लागतं
आणि नळीतून धुकं निघतं, पांढरं, गार.

खाल्ल्या मिठाला तो जागला.
एकतीस वर्षं, जमिनीखाली सातशे मीटर.
आता डॉक्टरांनी मीठ खायचं बंद केलंय,
ओढायची तेवढी परवानगी.

पूर्वी त्याचे रुमाल मी रात्रभर भिजत घालायचे
तरी सकाळी बादलीचं पाणी काळंच.
लग्नात मिळालेल्या चादरीची
चौदा रुमालं करून संपवली त्यापायी.
आता झाकणाची बाटली आहे.
ब्रिगिदा दर गुरुवारी फोनवर रंग विचारते
आणि मी रंगाच्या दुकानातल्यासारखी सांगते:
परवा राखाडी, काल जरा पिवळट,
आज साबुदाण्यासारखा. बरा.

ब्रिगिदा सव्वीस वर्षांची आहे.
म्हणते, आजोबा, खोकू नका,
घसा मोकळा सोडा,
आरशावर वाफ धरायचीय असं समजा. हाऽऽ.
आरशासमोर तो बसेना.
स्वतःचं तोंड बघत कोण थुंकतं, म्हणाला.
म्हणून खिडकी.

लाल चौकटीच्या खिडकीतून अंगण दिसतं,
अंगणात कबुतरांचं खुराडं. रिकामं.
"कबुतरं किंवा फुफ्फुसं," डॉक्टर म्हणाले होते,
पिसांची धूळ, विष्ठेची धूळ, नवी धूळ नकोच.
खाणीला कुणी असा पर्याय दिला नव्हता.
सव्वीस पाखरं रायमुंडच्या व्हॅनमध्ये चढवली
तेव्हा एवाल्ड म्हणाला, छाती भरून आलीय.
मी बाटली पुढे केली.
त्यानं हातानं ती बाजूला सारली.

त्यांतलं एक परत आलं.
चाळीस किलोमीटर, वाऱ्याविरुद्ध.
रायमुंड टोपली घेऊन आला, घेऊन गेला.
तीनदा.

चौथ्यांदा मी त्याला फोनच केला नाही.

यंत्र घुमायला लागलं की ते कट्ट्यावर येतं.
त्याला काय वाटतं कोण जाणे,
की आत कुणीतरी नर बसलाय, म्हातारा, थोडा बेसूर.
ते मान फुगवून उत्तर देतं.
एवाल्ड नळी दातांत धरून ऐकतो.
काच उघडायची नाही, दोघांनाही माहीत आहे.

मग तो पुढे वाकतो, हाऽऽ,
काचेवर वाफ, पाखरू नाहीसं.
वाफ विरते, पाखरू असतं.
पुन्हा हाऽऽ.
खोल कुठेतरी काही सुटतं,
दगड सरकावा तसा आवाज येतो,
आणि तो बाटलीकडे हात करतो,
डोळ्यांत पाणी, चेहरा जांभळा,
आणि मग एक श्वास
जिन्यावरून कुणी न अडखळता उतरावं तसा.

पूर्वी अर्ध्यातच बटण बंद करायचा.
पुरे झालं तेक्ला, म्हणायचा, दम नाही.
आता कप कोरडा पडून फुरफुरेपर्यंत बसतो.
ब्रिगिदा म्हणते, औषध लागू पडलं.
मी हो म्हणते.

त्याच्या ओठांवर मिठाचा थर राहतो.
कधी मी तो रुमालानं पुसते.
कधी रुमाल सापडत नाही.

तो पेपर घेऊन बसला की
कप, झडप, नळीचं तोंड
उकळत्या पाण्यातून काढून फडक्यावर मांडते.
मग स्वयंपाकघराची खिडकी, आवाज न करता,
आणि मुठीतला मका
बाहेरच्या कट्ट्यावर,
थोडा डावीकडे, जिथे त्याच्या खुर्चीतून दिसत नाही.