शनिवारी भांडं हलवायचं नाही

आमच्या पेठेत नळ पाचव्या दिवशी येतो,
तोही रात्री तीनला, चोरासारखा, खोकत.
त्याच उन्हाळ्यात बाबांनी, म्हणजे हनोख झिराडकरांनी,
बंद पडलेल्या गिरणीच्या निवृत्त काटा-कारकुनाने,
वाचनालयातून पुठ्ठा सुटलेलं एक पुस्तक आणलं
आणि ते एस्सीन लोकांत राहायला गेले.

मृत समुद्राच्या काठी, म्हणाले, दोन हजार वर्षांमागे.
आपल्यातलेच, पण शहराला विटलेले.
पाऊस नाही, झाड नाही,
हौद मात्र खोदलेले, पायऱ्यापायऱ्यांचे.
जेवणाआधी थंड पाण्यात बुडायचं,
मगच भाकरीला हात.
"रोज?" मी विचारलं. तांब्या बादलीच्या तळाला खरवडत होता.
"रोज. आणि तिथे टँकर नव्हता."

उजाडेपर्यंत ते लोक संसाराचं बोलत नसत.
बाबाही बोलेनात.
गॅस संपल्याचं मला
ऊन चिमणीच्या धुराड्यावर चढल्यावर कळलं.

कारखान्यातून मी आणलेला टॉवेल,
किनार चुकली म्हणून बाजूला टाकलेला, पांढराशुभ्र,
तो कमरेला गुंडाळून ते जेवायला बसत, ताठ,
जणू शंभर माणसांची पंगत आहे
आणि कुणीच मोठ्याने चावत नाहीये.
एकच भाजी. वाढून झाली की पुन्हा मागायची नाही.

आत घ्यायच्या आधी ते माणसाला वर्षभर बाहेर ठेवत,
एक पांढरं वस्त्र आणि एक छोटी कुदळ देऊन.
मग आणखी दोन वर्षं पारखत.
"बदलीवाल्यासारखं," बाबा म्हणाले, "फाटकाशी."
आणि बराच वेळ खिडकीबाहेर पाहत बसले,
जिथे आता फाटकही नाही.
कुदळ कशाला, ते मी विचारलं.
लांब जाऊन खड्डा करायचा, उरकायचं, माती लोटायची.
शब्बाथला तेवढंही नाही.

"तेल मात्र त्यांना चालत नसे," ते एका दुपारी म्हणाले.
"अंगावर थेंब पडला तरी घासून काढत. विटाळ."
इथे ते अडखळले.
आमचे पणजोबा कोकणातल्या घाण्यावरचे.
शनिवारी बैल सोडलेला असे,
म्हणून गाव आम्हाला शनिवार तेली म्हणे.
"म्हणजे आपल्याला त्यांनी घेतलंच नसतं.
तुला तर नाहीच, बायका बहुतेकांना नको असत."
"मग तुम्ही एकटेच जा," मी म्हटलं, "डबा बांधून देते."

आणि त्या आठवड्यात नळ शनिवारी आला.

तीनला. खोकत. मी उठले, हंडा उचलला,
तर दारात बाबा, टॉवेलमध्ये, बोट ओठांवर.
शब्बाथला भांडं जागचं हलवायचं नाही.
बाहेर पाणी गटारात पडत होतं,
चार दिवसांचं पाणी,
आणि आम्ही दोघं ते ऐकत उभे.
मला रडू येत होतं की राग, आठवत नाही.

शेजारच्या पोसव्वाने काही विचारलं नाही.
विड्या वळून पिवळी झालेली तिची बोटं
आधी आमच्या ड्रमवर आली, मग तिच्या.
सोळा हंडे. शब्द एकही नाही,
कारण तिला झोप येत होती.
उजाडलं तेव्हा दोन्ही ड्रम गळ्यापर्यंत भरलेले
आणि कुणाचं पाणी कुठलं, ते सांगता येत नव्हतं.
"तिथेही असंच," बाबा पुटपुटले, "एकच थैली सगळ्यांची."
पोसव्वा म्हणाली, "मामा, पुढल्या खेपेला
झाकण तरी आधी काढून ठेवा."

मे महिन्यात त्यांच्या टाचा फुटल्या,
भेगांत रक्त दिसायला लागलं.
करडईच्या तेलाची वाटी घेऊन मी पायाशी बसले.
त्यांनी वाटीकडे पाहिलं, मग पायांकडे,
काट्यावर गाठोडं ठेवल्यावर बघायचे तसं, बारकाईने.
"उजव्याला लाव," म्हणाले.
"डावा तिकडे राहू दे."