सोमवारचा नंबर

आर्वीच्या अलीकडं, टावरींच्या जिनात
सरकीच्या ढिगामागं एक टेनिसचं कोर्ट होतं.
खाली मुरूम, वर पिवळी माती, त्यावर शेण.
माय सारवायची,
बाप सुतळी ताणून चुन्याच्या रेघा मारायचा,
मी चेंडू उचलायचो.
दर जानेवारीत म्हाताऱ्या शेठच्या नावानं स्पर्धा.
बक्षीस अकरा हजार, आणि स्टीलची कळशी.

त्या वर्षी ती आली.
नागपुरात पहिल्याच फेरीत हरून,
पुढच्या विमानाला आठ दिवस होते म्हणून.
रुम्बिद्झाई गुम्बो, झिम्बाब्वे.
बापानं फळ्यावर नाव तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं.
मायनं एका झटक्यात सोडवलं :
रंभा.

सामन्याच्या आदल्या दिवशी दुपारी
माय उकिडवी बसून बेसलाइन सारवत होती.
ही आली. बूट काढले, मोजे बुटांत कोंबले,
घमेल्यात हात घातला कोपरापर्यंत.
"न्दोवे," ती म्हणाली, आणि हसली.
नंतर तुटक्या हिंदीत, अर्धं हातांनीच :
गोक्वेत आजी असंच करते. तिथंही कापूस.
मायच्या हाताच्या कमानी डावीकडून उजवीकडं,
तिच्या उजवीकडून डावीकडं.
मधे कुठंतरी दोघींचे हात एकमेकींना लागले.
"पोरीचा हात बसेल हाय वं," माय मला म्हणाली.
सर्व्हिसबद्दल ती कधीच काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी चेंडू खाली राहत होता,
घोट्याएवढाच उडायचा.
नागपूरची मुलगी वाकायला तयार नव्हती,
ही वाकत होती.
सहा-चार, सात-पाच.
कळशी तिनं मायला दिली,
अकरा हजार मोजून पट्ट्यात बांधले.
बेसलाइनवर आता कोणाच्या कमानी कोणत्या
ते बुटांनी पुसून टाकलं होतं.

मग मी आर्वीच्या सायबर कॅफेत, पुढं फोनवर,
दर सोमवारी बघायचो.
सोमवारी नंबर बदलतात.
सहाशे चाळीस. पाचशे सतरा.
अंताल्या, मोनास्तिर, अशी गावं,
जिथं दिवसाला तीन सामने पाहणारे दोनच जण,
त्यातला एक पंच.
चारशे बारा : हा तिचा सगळ्यात चांगला सोमवार.
मी पळत घरी आलो.
माय कळशीतून पाणी ओतत होती.
"कितवी तुही रंभा?"
चारशे बारा.
"मागच्या टायमाले पाचशे होती न?
घसरली वं बिचारी."

मी समजावून सांगणार होतो.
नाही सांगितलं.
त्यानंतर तिचा खांदा गेला.
पाचशे नव्वद. आठशे तीन. अकराशे.
मायच्या हिशेबात
पोर दर सोमवारी वर चढत होती.
"अकराशे! बाप्पा!"
शेजारच्या निमजेबाईला बोलावून सांगितलं,
गुळाचा खडा दिला.
मी भिंतीकडं बघत होतो.

एका सोमवारी नावच नव्हतं.
खाली सरकवत गेलो, शेवटच्या मुलीपर्यंत,
जिला फक्त एक गुण होता, कुठल्यातरी बेटावरचा.
त्याखाली पांढरं.
मायला म्हणालो, आता तिला नंबर नाही.
माय बराच वेळ काही बोलली नाही.
तिचे हात कशात तरी भरलेले होते,
बहुतेक पिठात.
"नंबर नाई म्हंजे
रांगेतून भायेर निंगाली न.
मंग बरं हाय.
रांगेत पाय लय दुखतात."

कोर्टावर आता वजनकाटा आहे.
नेटचा एक खांब राहिला आहे, त्याला निमजेबाईची शेळी.
पाऊस उघडला की काट्याच्या कडेला
माती सुटते, आणि खालून
जुन्या सारवणाचा एक पापुद्रा दिसतो,
तळहाताएवढा.
वाकून पाहिलं मी
उजवीकडून की डावीकडून.

शेळीनं माझ्या आधीच तिथं पाय ठेवला होता.