एकोणचाळीस मिनिटं

मटण स्ट्रीटवर, शुक्रवारी,
नळाच्या वायसरांत आणि सुट्या बटणांत
एका बशीत पडलं होतं ते.
साडेतीनशे म्हणाला, दोनशे ऐंशीला दिलं.
काच नव्हती. सेकंदकाटाही नव्हता.

चाळीस वर्षं मी माहीमला कवळ्या घडवल्या.
दुसऱ्याच्या तोंडात जाणाऱ्या वस्तूवर
आपलं नाव घालत नाहीत.
म्हणून असेल,
घड्याळ हाती आलं की मी आधी पाठ उघडतो.

तबकडीवर फोर्टातल्या कुठल्या दुकानाचं नाव,
यंत्रावर ज्युराच्या डोंगरातल्या एका गावाचं.
पुस्तकात वाचलंय : बाहेर बर्फ,
गायी खाली, माणसं वर खिडकीला चिकटून.
एक घर हिवाळाभर चाकांचे दात कापायचं,
शेजारचं घर आचेवर स्क्रू निळे करायचं, बस.
आणि बर्फ वितळला की कुणी एक येऊन
सगळं गोळा करायचा,
वर स्वतःचं नाव घालायचा.
दात कापणारीचं नाव पुस्तकात नाही.

डोंगरीच्या जिन्याखाली
कुरेशभाईंनी डोळ्याला भिंग लावलं.
"पंधरा माणकं. बाल-कमान बदललीय कुणीतरी,
हात चांगला होता."
मग झाकण माझ्यापुढे धरलं : वाचा.

आतल्या चांदीवर सुईनं खरवडलेलं काहीबाही.
एक तारीख गुजरातीत, एकोणीसशे सहा.
एक नुसतीच फुली.
आणि मोडीत, शेपटात शेपूट अडकलेलं :
भिका सोनार, दुसऱ्यांदा, पाण्यात पडलं होतं.

पाण्यात कुठं पडलं, कुणाचं, ते लिहिलेलं नाही.

तीन आठवड्यांनी ते चालू झालं.
"किती लावू?" कुरेशभाईंनी विचारलं,
आणि स्वतःच काटे मागे फिरवले.
"हे जुन्या मुंबईचं.
तेव्हा शहर आपल्या उन्हावर चालायचं,
देशाच्या एकोणचाळीस मिनिटं मागे.
पंचावन्नपर्यंत हट्ट धरला होता."

"तुमची खूण?"
"आता परत कोण उघडणार?"
टक् करून त्यांनी झाकण लावलं.

कवळीवर फिरवायची माझी बारीक सुई
अजून ड्रॉवरमध्ये आहे.
एकदा काढली. पुन्हा ठेवली.
मी काय केलंय त्याचं? पैसे दिले.

रोज रात्री किल्ली देतो तेवढी.
मुलगी फोनवर ओरडते, बाबा, निघालात का,
लग्न साडेसातचं आहे!
मी खिशात हात घालतो,
अगदी खरं सांगतो :
आत्ता कुठं पावणेसात होतायत.