शेवटी आ

ऑगस्ट संपत आला की यादी करायची असते मला.
तीस नावं, एकाखाली एक.
आयोवातलं मोटेल, खोली नंबर नऊ,
एसीला दमा,
खिडकीबाहेर मका, थेट आभाळाला टेकलेला,
आणि मक्यापलीकडे मैदानाचे दिवे
अजून कुणी विझवलेले नाहीत.

आमच्या बेसबॉलच्या धंद्यात याला शेतच म्हणतात.
वरचा मोठा संघ म्हणजे बाजार.
खाली आम्ही बांधावर उभे:
कोण तरारलं, कोण दाणा धरतंय,
कुणाची नुसतीच पानं.

मोजमाप वीस ते ऐंशी.
वीसच्या खाली कुणाला उतरवत नाहीत,
एवढी माणुसकी आहे.
ऐंशी मी एकतीस वर्षांत दोनदाच लिहिले,
दोन्ही वेळा फेकणाऱ्या हाताला.
त्यातला एक हात आता टोपीकात फरशा बसवतो.

पहिला सोपा असतो.
थॅडियस, सहा फूट चार, डावखुरा.
चेंडू झेलणाऱ्याच्या पंजात असा वाजतो
की हॉटडॉग विकणारी बाई सुट्टे मोजता मोजता थांबते.
तिला विचारलं असतं तरी चाललं असतं,
माझा पगार वाचला असता.
दुसरा, चौथा, सातवा, यांच्यावर भांडता येतं.
चौदापासून मी चष्मा पुसायला लागतो.
एकाची बॅट वीज, पण नजर आळशी.
एकाला सरळ चेंडू म्हणजे लोणी,
वळणारा आला की गुडघ्यांचं पाणी.
आणि तो तेविसावा, त्याची पावलं!
चेंडू निघायच्या आधीच निघालेली पावलं.
त्यांचे गुण कुठे लिहायचे? रकानाच नाही.

आज सामन्यानंतर एलिएसेर आला.
दुसऱ्या बेसवरचा, बानी गावचा,
केस ओले, बुटांची जोडी काखेत,
फोनवर माझी गेल्या वर्षीची यादी.
मला वाटलं, विचारणार, यंदा कितवा?
उत्तर तयार होतं, सगळ्यांना देतो तेच,
गोड, आणि आत काही नसलेलं.
तो म्हणाला, सर, ओसोरियो नाही.
ओसोरिया. शेवटी आ.
डॉक्टरला दाखवतात तसं तोंड उघडून दाखवलं: आ.
आईनं ते पान न्हाव्याच्या दुकानात लावलंय,
सव्विसाव्या नावाखाली लाल रेघ मारून,
आणि गिऱ्हाईकं म्हणतात, बाई, हा दुसराच कुणीतरी.
यंदा नीट लिहाल?

लिहीन म्हणालो.

यंदा तो यादीत नाही.
जूनमध्येच ठरलं होतं, खांदा गेला तेव्हा.
जुलैत त्याच्या जागेवर एक पोरगा आला,
पंधरा लाख डॉलरचा, दाढी न फुटलेला,
आणि तीस म्हणजे तीस.

शहाऐंशी साली मी सतरावा होतो.
आईनं कात्रण पाककृतींच्या डब्यात ठेवलं,
पीचच्या पायच्या मागे, साखरेचा डाग आहे त्यावर.
अठरावा वर गेला, सात वर्षं खेळला,
सहावा पाद्री झाला.
मी अजून सतरावाच आहे.

दोन वाजले. दिवे गेले,
मका एकदम जवळ आल्यासारखा.
सकाळी सहाला यादी पाठवायची.
तिसावं नाव खोडून पाहिलं,
पण त्या पोराचं काय चुकलं?
परत लिहिलं.

मग गेल्या वर्षीची फाइल उघडली.
सव्विसावा.
ओ काढला, आ घातला.
यंत्रानं विचारलं, ही यादी जुनी आहे,
खरंच बदल करायचा?
हो.
पुन्हा विचारलं.
हो म्हटलं ना.

मग पुन्हा तेविसाव्याकडे वळलो.
त्याची ती पावलं.