काठी किती ओली

नैरोबीहून आलेला सल्लागार म्हणाला, चेहरा हवा.
रडणारा असेल तर अधिक बरं.
पहिल्या तीन सेकंदांत लोकांचा अंगठा थांबला पाहिजे,
नाहीतर ते पुढे सरकतात.
आपोंदीनं त्याला चहा दिला, दोन चमचे साखर घालून,
आणि त्याची बोट दिसेनाशी झाल्यावर मला म्हणाली,
"कळा देणारी बाई म्हणजे काय दुकानाची पाटी आहे?
काठीचा फोटो टाक."

काठी म्हणजे आमच्या बोटीच्या टाकीत बुडवायची वेळूची काठी,
ओगुतूनं सुरीनं खाचा पाडलेली.
पाचवी खाच म्हणजे बेटावरून म्बिटाच्या धक्क्यापर्यंत,
दहावी म्हणजे परतसुद्धा.
त्या दिवशी ती तीन खाचांपर्यंत ओली होती.
मी लिहिलं: आज एवढंच आहे.
अकरा लाइक आले. त्यातले दोन ओगुतूचे,
दोन वेगवेगळ्या फोनवरून.

तरी टाकत राहिलो.
रात्री एक वाजून दहा. वारा पश्चिमेचा. काठी सहा.
आणि पलीकडे दवाखान्याचा दिवा हाताशी आला की
एकच शब्द: पोचली.
नाव नाही, चेहरा नाही.
कुणाची कोण, ते सरोवराला ठाऊक
आणि आपोंदीच्या वहीला.

हळूहळू लोक जागू लागले.
किसुमूची एक शिवणकाम करणारी.
होमा बेच्या नर्सिंगच्या मुली, वसतिगृहात एकाच फोनभोवती.
नॉर्वेतला कुणी निवृत्त तांडेल,
जो आमच्या वाऱ्याच्या दिशेवरून भांडायचा.
आणि मोम्बासाचा ट्रकवाला काझुंगू,
ज्यानं मोठं पाणी पाहिलं ते फक्त खारं,
दर खेपेला वीस शिलिंग आणि दोन शब्द: पोचली का?

वीस शिलिंगांत बोट जाते किती?
ओगुतूनं हिशेब केला: लव्हाळ्यांच्या पट्ट्यापर्यंत.
तेव्हापासून त्या पट्ट्याचं नावच काझुंगू.
"काझुंगू ओलांडला!" तो इंजिनाच्या वरताण ओरडतो
आणि आत पडलेली बाई, कळांच्या मधल्या फटीत,
विचारते, कोण हा?

मग टॉवर पडला. दोन दिवस रेंज नाही.
तिसऱ्या दिवशी टेकडी चढलो तेव्हा
दोनशे चौदा निरोप एकदम खिशात थरथरले.
पोचली का. पोचली का. अरे, पोचली का.
खाली येऊन आपोंदीला विचारलं, काय लिहू?
ती बोटीतलं पाणी उपसत होती.
हातातला डबा न थांबवता तिनं सांगितलं,
मी तसंच लिहिलं:
बोट पोचली. बाळ पोचलं.
आई वाटेत राहिली.

त्या ओळींवर कुणी बदाम टाकला नाही.
त्या रात्री एक शिलिंग आला नाही,
आणि कुणी सोडूनही गेलं नाही.
नॉर्वेच्या तांडेलानं विचारलं, वारा कुठला होता?
मी सांगितला.
या वेळी तो भांडला नाही.

सल्लागाराचा मेल येतो अधूनमधून:
या महिन्यात तुमची पोहोच किती?
मी वही उघडतो, मिटतो.
कुणाची म्हणून सांगू?

परवा काझुंगू गप्प होता.
तीन खेपा झाल्या, वीस शिलिंग नाहीत, प्रश्न नाही.
आपोंदी म्हणाली, विचार त्याला. पैशाचं बोलू नकोस.
मी लिहिलं: तू पोचलास का?

पहाटे उत्तर आलं, वोईच्या अलीकडून कुठूनतरी.
शब्द नव्हते.
ट्रकच्या टाकीतून काढलेली एक काठी,
कुठल्याशा झुडपाची, साल न सोललेली,
अर्धी ओली.